पेटी रिकामी

३ एप्रिल

प्रिय ठमे,

पहिल्या शनिवारचे तीस क्रेट टेम्पोने पाठवले आहेत. उतरवून घेताना मोजून घे. टेम्पोवाला माणूस सज्जन आहे, पण बोलायला लागला की आपण गाडी चालवतोय हे विसरतो, आणि जिथे गप्पा रंगतील तिथे एखादा क्रेट उतरवून मोकळा होईल.

ही चिठ्ठी पालकाच्या तळाशी सापडेल. फोन का केला नाही असं विचारू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो. त्यातून आपली आजवर दोन भांडणं झाली आहेत. त्यापेक्षा शुक्रवारी क्रेट भरून झाले की मी लिहीन. शनिवारी रिकामे क्रेट परत येतील त्यांच्यात तू लिही.

काम पुन्हा एकदा सांगतो, कारण हे सगळं ठरवलं तुझ्या वहिनीने आणि निस्तरायचं आहे आपण दोघांनी. ही तीस घरं आपली गिऱ्हाइकं नाहीत, वाटेकरी आहेत. हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्यांनी पैसे भरून आपापला वाटा घेऊन ठेवला आहे. रानात जे येईल ते तीस घरांत सारखं वाटायचं. गारा पडल्या तर त्या त्यांच्याही पिकावर पडल्या. आता प्रत्येकाला प्रत्येक भाजी आवडेलच असं नाही. म्हणून तुझ्या दुकानाच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेव. ज्याला जे नको असेल त्याने ते पेटीत टाकावं आणि दुसऱ्याने टाकलेलं हवं ते उचलावं. संध्याकाळी पेटीत काय उरलं ते मला लिहायचं. एवढं एक विसरू नकोस. लोकांची तोंडं मला इथून दिसत नाहीत. कुणाला काय रुचलं आणि काय नाही, हे मला त्या पेटीवरूनच कळणार, आणि पुढचं मी त्यावरूनच पेरणार.

या वेळी पालक, मुळे, कांद्याची पात आणि प्रत्येकी तीन नवलकोल आहेत. नवलकोल आपल्या मातीत न बोलावता येतो.

ती गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, म्हणून पत्र लांबलं.

दादा


४ एप्रिल

प्रिय दादा,

तीसच्या तीस क्रेट पोचले. टेम्पोवाल्याने मला त्याच्या मेव्हण्याच्या मुतखड्याची साद्यंत हकिगत सांगितली, म्हणजे वाटेत ती कुणाला सांगितलेली नव्हती.

शिलाईची दोन्ही मशिनं भिंतीला सरकवली आणि कापड बेतायच्या टेबलावर क्रेट मांडले. सकाळी दहापासून लोक येत होते. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर पांढऱ्या कोटातच आले, त्यांना बघून एक लहान मुलगी आईच्या मागे लपली. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी आधी सगळ्यांना रांगेत उभं केलं, मग स्वतःचा क्रेट घेतला. एक जुळ्यांची आई आहे, तिच्या दोन्ही मुलांना एकच मुळा हवा होता. आणि एक म्हातारे घड्याळजी आहेत. ते पालकाचं पान डोळ्याला भिंग लावून बघतात. मी म्हटलं, काका, बंद पडलंय का? तर म्हणाले, नाही, छान चाललंय.

एका बाईंच्या कोटाच्या अस्तरात संध्याकाळी मला मुळ्याचं पान सापडलं. अजून सांगितलेलं नाही.

वहिनीच्या अक्षरातली तीस नावांची यादी दाराला लावली आहे. नवीन करायला हवी, पण ती काढवत नाही.

पेटी रिकामी. नवलकोलसुद्धा गेले.

तुझी ठमी

ता. क. शेजारच्या इस्त्रीवाल्याने दोन ससे पाळले आहेत. फार गोजिरवाणे आहेत.


१ मे

प्रिय ठमे,

चार आठवडे झाले, चारही वेळा तू लिहिलंस, पेटी रिकामी. हे दोन शब्द वाचायला मी टेम्पोची वाट बघत रस्त्यावर जाऊन उभा राहतो, हे तुला सांगायला हरकत नाही. गेल्या शुक्रवारी क्रेट भरताना मी शीळ घालत होतो म्हणे. मला ऐकू आली नाही, बांधापलीकडचा शेजारी म्हणाला.

नवलकोल लोक एवढा खातील असं वाटलं नव्हतं. तुझ्या वहिनीला मी म्हणायचो, शहरातल्या माणसाला भाजी सोलून चिरून मिळाली तरच कळते. ती म्हणायची, तुम्ही देऊन तर बघा. तिचं बरोबर निघालं. नवलकोलाचे आणखी चार वाफे लावले आहेत.

तिचा घेवडा मांडवावर चढायला लागला आहे. तुला आठवतच असेल, लग्नात ती माहेरहून रुमालाच्या गाठीत मूठभर बी घेऊन आली होती आणि आपली आई म्हणाली होती, सोनं विसरलीस वाटतं. तेव्हापासून एक वर्ष खंड नाही. हंगामाच्या शेवटी दोन वेली न तोडता राखायच्या, शेंगा वेलीवरच वाळू द्यायच्या, पुढच्या वर्षीचं बी त्यातून घ्यायचं. हे काम तिचं असायचं. यंदा मी करणार.

इस्त्रीवाल्याचे ससे कसे आहेत?

दादा


२५ जुलै

प्रिय दादा,

ससे इतके गुबगुबीत झालेत की इस्त्रीवाला त्यांना उचलताना आधी कंबर सावरतो.

ते राहू दे. टेम्पोवाला आज काय सांगत होता? म्हणे तू घेवड्याच्या मांडवाखाली शिडीवरून पडलास, आणि पडून पाच दिवस झाले. तुझ्या कालच्या चिठ्ठीत त्याबद्दल चकार शब्द नाही. त्याने सांगितलं म्हणून कळलं, आणि तेही त्याच्या मेव्हण्याच्या दुसऱ्या मुतखड्यानंतर. साठी कधीच उलटली तुझी. आता तुझ्या घरात तुला उचलायला कोण आहे, हे शिडीवर चढताना आठवत नाही का?

खरं काय ते लिही. घेवडा आला. छान आहे. पेटी रिकामी.

ठमी


३१ जुलै

प्रिय ठमे,

पडलो, हे खरं. खांदा निखळला होता, डॉक्टरने बसवला. हात डोक्याच्या वर न्यायचा नाही म्हणतो. आता घेवडा काही डोक्याच्या खाली येत नाही, आणि तो एक दिवसाआड तोडावा लागतो, नाहीतर शेंगा निबर होतात. सध्या डाव्या हाताने तोडतो आहे. वेळ लागतो.

म्हणून एक विचारतो. नीट विचार करून सांग. घेवडा नसला तर लोकांना चालेल का? तुझी वहिनी म्हणायची की लोक आपल्याकडे येतील ते घेवड्यासाठी, बाकीचं सगळं त्याच्यामागून. तसं असेल तर मी जमेल तसा तोडीन, पण तोडीन. आणि तसं नसेल तर तेही सांग. तू पेटी बघतेस, मी बघत नाही.

दादा


१ ऑगस्ट

प्रिय दादा,

चालेल. घेवड्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. असला तर घेतात, नसला तर विचारणार नाहीत. वहिनीला तिच्या माहेरचं कौतुक होतं, ते साहजिकच आहे.

शिडी शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन ठेव. परत आणू नकोस.

पेटी रिकामी.

ठमी


४ सप्टेंबर

प्रिय ठमे,

तुझं १ ऑगस्टचं पत्र खिशात ठेवून महिनाभर क्रेट भरत होतो. घेवड्याचं कुणाला काही नाही. बरं झालं, हे वाचायला ती नाही. चाळीस वर्षं तिने त्याच्यावर जीव लावला आणि मी तिला हसायचो. आता हसल्याचं वाईट वाटतं, आणि हसणं बरोबर होतं याचंही वाटतं.

मग मी ठरवून टाकलं. उद्याच्या क्रेटमध्ये घेवड्याच्या शेंगा भरपूर आहेत, त्या शेवटच्या. शेजाऱ्याला मदतीला घेऊन सगळ्या वेली तोडून काढल्या. बियाण्याच्या दोन वेलीसुद्धा. जे कुणाला नको ते राखायचं कुणासाठी? पुढच्या वर्षी मांडवाच्या त्या तुकड्यात नवलकोल लावीन. तो वाकून काढायचा असतो, त्याला खांदा लागत नाही.

दादा


५ सप्टेंबर

दादा,

असं एकदम सगळं कशाला काढायचं? दोन वेली राहू दे. हे पत्र वाचल्याबरोबर जा आणि दोन तरी राहू दे. तुला मी एवढंच म्हटलं होतं की शिडीवर चढू नकोस.

पेटी रिकामी.

ठमी


११ सप्टेंबर

प्रिय ठमे,

तुझं पत्र आलं तेव्हा वेली बांधावर पडून वाळल्या होत्या. शेंगा कोवळ्याच तोडल्या होत्या, त्यांतलं बी धरण्यासारखं नव्हतं, आणि त्याही तुमच्या पोटात गेल्या. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. माळ्यावर तिची जुनी बरणी आहे, तिच्यात दोन-तीन वर्षांपूर्वीचं थोडं बी असेल.

दादा


२ एप्रिल

प्रिय ठमे,

हंगाम सुरू. तू लिहिलंस की यंदा सहा घरं गळाली, कुणाची बदली झाली, कुणी घर बदललं. होतं असं. चोवीस क्रेट पाठवतो आहे, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येईल. नवलकोल प्रत्येकी सात आहेत. गेल्या वर्षी तीनवर उड्या पडत होत्या, आता मनसोक्त खाऊ देत.

मांडवाचे खांब अजून उभेच आहेत. खांद्यामुळे उपटता आले नाहीत, त्यांच्यामधूनच नवलकोल लावला. विचित्र दिसतं.

दादा


२६ जून

प्रिय दादा,

आज खूप गर्दी होती. त्यात एका बाईंना संध्याकाळच्या आत कोट हवा होता, त्यामुळे अर्धा वेळ मी आतल्या खोलीत पडद्यामागे मापं घेत होते. लोक आपले आपण क्रेट घेऊन गेले. आता सगळ्यांना सवय झाली आहे. शिक्षिकाबाई तर माझ्या गैरहजेरीत हजेरीही घेतात.

नवलकोल हातोहात गेला. पेटी रिकामी.

तू खांद्याला शेक देतोस ना?

ठमी


१० जुलै

दादा,

दोन आठवडे झाले, क्रेट येतात पण चिठ्ठी नाही. पालक झाडून बघितला, तळाशी मातीशिवाय काही नाही. टेम्पोवाला म्हणतो, मालक बरे आहेत, नुसते गप्प आहेत. तू गप्प आहेस हे त्याच्याही लक्षात आलं म्हणजे काहीतरी आहे.

काय झालं? खांदा पुन्हा दुखावला का? की माझं काही चुकलं?

इकडे सगळं ठीक. पेटी रिकामी.

ठमी


१६ जुलै

ठमे,

२६ जूनला मी तुझ्याकडे आलो होतो.

तुला सांगितलं नाही. मनात आलं की आपला नवलकोल एवढ्या आवडीने खाणारी माणसं एकदा डोळ्यांनी बघावीत. इस्त्रीचा शर्ट घातला. चार माणसांसमोर बोलायची सवय नाही, म्हणून दोन वाक्यं पाठ केली होती. बसने दुपारी पोचलो. तू पडद्यामागे होतीस, तुझी चप्पल आणि गळ्यातल्या टेपचं टोक दिसत होतं. म्हटलं, तिचं काम होऊ दे. दाराशी उभा राहिलो.

तुझ्या पत्रांवरून मी सगळ्यांना ओळखलं. डॉक्टर दिसले नाहीत, ते गळालेल्यांत असणार. शिक्षिकाबाई आल्या, त्यांनी पेटीत सात नवलकोल टाकले. घड्याळजींनी सात टाकले. एका तरुण नवराबायकोने टाकले आणि दोघं हसली. मला ऐकू कमी येतं, पण दिसतं नीट. जुळ्यांची आई आली. तिच्या हातात दोन पिशव्या होत्या आणि मी क्रेटपाशी उभा होतो, म्हणून तिला मी हमाल वाटलो. तिने नवलकोल माझ्या हातात दिले आणि पेटीकडे बोट दाखवलं. मी ते पेटीत टाकले. ती थँक्यू म्हणाली असावी.

पेटी भरून नवलकोलांचा जमिनीवर ढीग झाला होता. मी पाऊण तास उभा राहिलो. मग परतीची बस होती.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या क्रेटमधून तुझं पत्र मिळालं. हातोहात गेला, पेटी रिकामी.

नवलकोलाचं मला काही वाटत नाही. एखादं पीक लोकांना आवडत नाही, एवढंच ना. मी दुसरं लावलं असतं. पाला पिवळा पडला तर मी रोपावर रागावतो का? त्याला काय हवं ते बघतो. तू मला बघूच दिलं नाहीस.

एकच विचारायचं आहे. मी घेवड्याबद्दल तुला स्पष्ट विचारलं होतं. तेव्हा तू लिहिलंस तेही असंच होतं का? हो की नाही, एवढंच कळव.

दादा


१७ जुलै

दादा,

हो.

एवढंच कळव म्हणालास, पण आता सगळं लिहिते. वाचायचं की नाही ते तू ठरव.

पहिल्या शनिवारी नव्वद नवलकोलांपैकी एकाहत्तर पेटीत उरले होते. मी पेटी रिकामी असं लिहिलं तेव्हा ती खरंच रिकामी होती, कारण लिहायला बसण्याआधी मी ती रिकामी केली. तू लिहिलं होतंस, ती गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. ते वाचल्यावर त्याच माणसाला नवलकोल उरले असं लिहायला माझा हात धजेना. म्हटलं, एकदाच. पुढच्या शनिवारी ते सोपं गेलं. मग तू शीळ घातलीस. त्यानंतर खरं सांगायचं म्हणजे ती शीळ बंद करायची, आणि ते माझ्याच्याने होईना.

मी नवलकोल उकडला, किसला, वाळवला, ओळखीच्या प्रत्येकाच्या दाराला पिशवीत घालून अडकवला. लोक मला बघून रस्ता बदलू लागले. उरलेला इस्त्रीवाल्याच्या सशांनी खाल्ला. म्हणून ते गुबगुबीत. यंदा तर सशांनीही तोंड फिरवलं. सहा घरांची बदली झाली नव्हती. डॉक्टर मला म्हणाले, बाई, राग मानू नका, पण आम्हाला रोज रोज तेच नको. ते खोटं कारणही मीच रचलं.

आणि घेवडा. घेवडा पेटीत कधीच पडला नाही. एकदाही नाही. लोक पेटीपाशी रेंगाळायचे, चुकून कुणी टाकेल म्हणून. मी तुला ते लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू शिडीवर चढला असतास. मला तू मांडवाखाली एकटा पडलेला दिसत होतास. तू विचारलंस तेव्हा मी मनाशी म्हटलं, शेंगा महत्त्वाच्या की भाऊ? पण तू मला ते विचारलंच नव्हतं. घेवडा हवा असेल तर तोडायला माणूस ठेव, दोन वेलीच लाव, मांडव बुटका कर, असं कितीतरी लिहिता आलं असतं. मला त्यातलं एकही सुचलं नाही. खोटं तेवढं ताबडतोब सुचलं.

वहिनी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा रोज मला विचारायची, रान कसं आहे? तू तर तिच्या उशाशी बसून होतास, रानात गुडघाभर तण माजलं होतं. मी सांगायचे, छान आहे. एक दिवस ती म्हणाली, ठमे, तुला वाटतं तू दुसऱ्याच्या भल्यासाठी खोटं बोलतेस. तसं नाही. तुला समोरच्याचा पडलेला चेहरा बघवत नाही, म्हणून बोलतेस. ती हसून म्हणाली, म्हणून मीही हसले.

तिचा घेवडा मी घालवला. माफ कर असं लिहायची माझी लायकी नाही. पण माळ्यावरच्या बरणीत बघितलंस का?

आज पेटीत उरले: नवलकोल एकशे बावीस. मुळ्याच्या तीन जुड्या.

ठमी


५ नोव्हेंबर

ठमे,

हंगाम संपला. मी लिहिलं नाही, पण दर शनिवारी तू पेटीत उरल्याची यादी पाठवलीस ती वाचत होतो. मुळाही लोकांना जड जातो असं दिसतं.

बरणी त्याच आठवड्यात काढली. बियांना भुंगा लागला होता. प्रत्येक बीला भोक. तरी त्यातल्या त्यात बऱ्या चौदा निवडून ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी बघितलं, आठव्या दिवशी बघितलं. मग बघायचं सोडलं. फडकं अजून तसंच आहे.

तिच्या माहेरीही विचारलं. तिथे आता कुणी काही पिकवत नाही.

शेजाऱ्याने रान मागितलं आहे, त्याला रोपवाटिका काढायची आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

दादा


१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आता टेम्पो येत नाही म्हणून हे टपालाने पाठवते आहे.

तुझं पत्र मिळाल्यावर मी वहिनीच्या अक्षरातली ती यादी दारावरून काढली आणि तीसही घरांत गेले. गळालेल्या सहा घरांतही. गेल्या वर्षी सप्टेंबरातल्या त्या शेवटच्या शेंगांतल्या कुणी वाळवल्या असतील, एखादी फ्रीजमागे पडली असेल, म्हणून. आठ संध्याकाळी लागल्या.

एकही मिळाली नाही. सगळ्यांनी खाल्ल्या. आता ते काय म्हणाले ते लिहिते, कारण हे मी तुला तेव्हाच लिहायला हवं होतं.

दातांचे डॉक्टर म्हणाले, घेवडा सुरू असता तर आम्ही गेलोच नसतो. शिक्षिकाबाई म्हणाल्या की त्यांनी तो त्यांच्या सासूबाईंना दिला नाही, लपवून एकटीने खाल्ला, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा वर्गात पकडलेल्या मुलीसारखा झाला. जुळ्यांची आई म्हणाली, दोन्ही मुलं ज्यावर न भांडता जेवली अशी ती एकच भाजी. नाइट ड्यूटीवाल्या नर्सबाई म्हणाल्या, मी घरी येताना दर शनिवारी कच्च्याच शेंगा खात यायचे. घड्याळजींनी मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग घेवडा कधी येणार? मी म्हटलं, काका, बी गेलं. ते हळहळले. मग मला दाराशी सोडायला आले आणि पुन्हा विचारलं. हल्ली ते विसरतात.

वहिनी म्हणायची तसंच होतं. लोक घेवड्यासाठीच यायचे. तू चाळीस वर्षं हसलास ते चूक होतं आणि ती बरोबर होती, हे ती असताना नाही, तर निदान बी असताना तुला कळायला हवं होतं. माझ्या हातात होतं, मी सांगितलं नाही.

रान दे असं मी म्हणणार नाही आणि देऊ नकोस असंही म्हणणार नाही. मी तुला काही सांगायचे दिवस गेले. फक्त एवढं की मी विचारलं नसताना अकरा घरं म्हणाली, ते पुन्हा पिकवणार असतील तर आमचा वाटा धरा. अकरा म्हणजे अकराच. मोजून सांगते आहे.

ठमी


२५ मार्च

प्रिय ठमे,

शेजाऱ्याला अर्धं रान दिलं. अर्ध्यात अकरा क्रेट भरतील. पुढच्या शनिवारी टेम्पो येईल. मेव्हण्याचं ऑपरेशन झालं आहे, तेव्हा हातात वेळ ठेव.

माझा राग गेलेला नाही. जाईल असंही सांगत नाही. पण शुक्रवारी रागाचा काही उपयोग नसतो, क्रेट भरायला हात लागतात. आणि तू त्या तीस घरांत गेलीस, ते पत्र मी तिच्या फोटोपुढे मोठ्याने वाचलं. मला जेवढं ऐकू आलं तेवढं चांगलं होतं.

मांडवाचे खांब काढलेले नाहीत. त्यांच्यावर काय चढवायचं ते ठरलेलं नाही. घेवड्याचं दुसरं बी बाजारात मिळतं. आणलं नाही.

नवलकोल एकच वाफा लावला आहे, प्रत्येकी एक. कुणाला तरी आवडत असेल.

आता एक अट आहे. पेटीत काय उरलं ते मला लिहू नकोस. रिकाम्या क्रेटांबरोबर पेटीच परत पाठव. संध्याकाळी जशी असेल तशी. तिच्यातलं काही काढायचं नाही, सशांनाही द्यायचं नाही. मी इथे उघडून बघीन.

दादा


२ एप्रिल

प्रिय दादा,

पेटी पाठवते आहे, जशी आहे तशी. चांगली जड आहे. टेम्पोवाल्याला सांगितलंय की वाटेत कुणाला उघडून दाखवू नकोस.

तिच्यात नवलकोल आहेत, मुळे आहेत, थोडा पालकही आहे. खाली एक चिठ्ठी आहे, घड्याळजींच्या अक्षरातली. त्यांनी विचारलंय, घेवडा कधी येणार.

ती काढून घ्यायला माझा हात गेला होता. तशीच ठेवली आहे.

तुझी ठमी